कार्यशाळा झाली, काम मात्र जिथल्या तिथे : ग्रंथालयातल्या सहायक कर्मचाऱ्यांना काय शिकवावं, कसं शिकवावं

प्रश्न : मी ग्रंथपाल आहे. हाताखाली सहा जण : दोघं देवघेव काउंटरवर, एक बाई नव्या पुस्तकांच्या नोंदी करतात, एक जण नियतकालिकं बघतो आणि दोन परिचर. ग्रंथालयशास्त्राची पदवी यांच्यापैकी कुणाकडेच नाही. गेल्या वर्षी दोन दिवसांची कार्यशाळा घेतली, सगळे खूश होते, पण कामात काडीचा फरक पडला नाही. यंदा पुन्हा ‘कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण घ्या’ असं वरून आलंय. पैसे जवळजवळ नाहीत. काय शिकवू, कुणाला, आणि किती? शिकवलेला माणूस सोडून गेला तर सगळं पाण्यात जाणार, हीही धास्ती आहे.

उत्तर :

लगेच दुसरी कार्यशाळा ठरवू नका. गेल्या वर्षीची वाईट होती असं माझं म्हणणं नाही, चांगलीही असेल. पण बहुतेक ठिकाणी आधी तारीख ठरते, मग वक्ता ठरतो आणि वक्त्याला जे बोलता येतं तो विषय होतो. ‘बदलत्या काळातील ग्रंथालये’ असं काहीतरी. ऐकायला बरं वाटतं. दुसऱ्या दिवशी काउंटरवरच्या माणसापुढे येतं ते भलतंच : सभासद म्हणतो पुस्तक कधीच परत केलं, संगणकावर ते त्याच्याच नावावर दिसतंय, आवाज चढलाय आणि मागे रांग वाढतेय.

सहायक कर्मचाऱ्यांना शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यातून एक मत पक्कं होत गेलंय. लोकांना समजत नाही म्हणून प्रशिक्षण वाया जातं असं फार कमी वेळा होतं. शिकलेलं वापरायची मुभा नसते, म्हणून ते वाया जातं. दंडाच्या तक्रारी कशा सोडवाव्यात हे तुम्ही दोन तास शिकवलंत आणि दंड माफ करायला मात्र दर वेळी तुमचीच सही लागणार असेल, तर त्या माणसाने शिकून करायचं काय? तो पूर्वीसारखाच ‘साहेब आल्यावर या’ म्हणणार.

म्हणून पहिले दोन आठवडे शिकवू नका, नोंद ठेवा. काउंटरवर एक साधी वही ठेवा आणि परिचरांच्या खोलीत दुसरी. काम जिथे अडेल किंवा कुणाला तरी विचारायला उठावं लागेल, तिथे एक ओळ लिहायची. नाव लिहायचं नाही, फक्त काय अडलं ते. हे चुका पकडायचं यंत्र नाही, हे पहिल्याच दिवशी सांगा आणि तसं वागाही, नाहीतर वही कोरी राहील. परिचरांना लिहायचा कंटाळा असेल तर त्यांनी सांगावं, दुसऱ्याने लिहावं.

दोन आठवड्यांनी सगळ्यांनी बसून वही वाचायची. प्रत्येक ओळ तीनांपैकी एका ढिगात पडते. पहिला ढीग : कसं करायचं ते माहीत नव्हतं. दुसरा : माहीत होतं, पण करायची परवानगी नव्हती. तिसरा : नियमच ठरलेला नाही, ज्याला जे सुचतं ते तो करतो. प्रशिक्षणाचा संबंध फक्त पहिल्या ढिगाशी. दुसरा ढीग तुम्ही एका सहीने कमी करू शकता आणि तिसऱ्यासाठी अर्ध्या तासाची बैठक आणि एक कागद पुरतो. अनेक ठिकाणी मला पहिला ढीग सगळ्यात लहान निघालेला दिसलाय. म्हणजे जिथे परवानगी हवी होती किंवा नियम हवा होता, तिथेही आपण प्रशिक्षणच देत बसतो.

परवानगीबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. कोहा ही ग्रंथालयाची संगणकप्रणाली वापरत असाल तर त्यात प्रत्येक कर्मचाऱ्याला वेगळं खातं आणि वेगवेगळ्या परवानग्या देता येतात. पुस्तक देणं-घेणं वेगळं, सभासदाची माहिती बदलणं वेगळं, आकारलेला दंड माफ करणं वेगळं. पण सर्रास दिसतं ते असं की सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड, तो मॉनिटरला चिकटवलेला, आणि त्याला एकतर सगळे अधिकार नाहीतर काहीच नाहीत. आधी हे निस्तरा. काउंटरवरच्या दोघांना ठरावीक रकमेपर्यंतचा दंड कारण लिहून माफ करू द्या. महिनाअखेरीला यादी बघा. गैरवापर होईल अशी भीती वाटत असेल तर वेगवेगळी खाती हाच त्यावरचा उपाय आहे, कारण कुणी काय केलं ते दिसतं. एकाच पासवर्डात ते कधीच दिसणार नाही.

आता काय शिकवायचं ते.

परिचरांपासून सुरुवात करा. प्रशिक्षणाची यादी नेहमी वरून खाली येते आणि परिचरांपर्यंत पोचेस्तोवर पैसे आणि उत्साह दोन्ही संपलेले असतात. पण चुकीच्या जागी लावलेलं पुस्तक वाचकाच्या लेखी हरवलेलंच. ओपॅक, म्हणजे वाचकांसाठीची संगणकावरची ग्रंथसूची, ‘उपलब्ध’ सांगतो, रॅकवर पुस्तक नसतं आणि बोलणी काउंटरवरचा माणूस खातो.

एक उदाहरण बघा. ड्युई दशांश वर्गीकरणात ७९६.३३४ हा फुटबॉलचा वर्गांक आणि ७९६.४२ हा धावणं, उड्या, फेक अशा मैदानी क्रीडाप्रकारांचा. आधी कोणता लावायचा? नवा माणूस बहुधा ७९६.४२ आधी लावतो, कारण ४२ पेक्षा ३३४ मोठे. त्याचं डोकं बरोबर चालतंय. दशांशचिन्हाच्या पुढचा एकेक अंक सुटा वाचायचा असतो, तीन आधी आणि चार नंतर, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. उलट आपण स्वतः ‘सातशे शहाण्णव पॉइंट तीनशे चौतीस’ असं म्हणतो आणि गोंधळ तिथेच पेरतो. ‘पॉइंट, तीन, तीन, चार’ असं म्हणायची सवय आधी तुम्ही लावून घ्या.

याचा सराव फुकटात होतो. कागदाच्या पंचवीसेक चिठ्ठ्या करा, प्रत्येकीवर एक वर्गांक आणि खाली लेखकचिन्ह, म्हणजे लेखकाच्या नावावरून दिलेली खूण. त्यात मुद्दाम फसवे घाला : ७९६, ७९६.०९, ७९६.३, ७९६.३३, ७९६.३३४, ७९६.३५८, ७९६.४२. शिवाय एकाच वर्गांकाची तीन लेखकचिन्हं आणि एकाच पुस्तकाचे दोन खंड. टेबलावर ओतायच्या आणि क्रमाने लावायच्या. चूक झाली की तुम्ही बरोबर उत्तर सांगू नका. ‘या दोन चिठ्ठ्या मोठ्याने वाचून दाखव’ एवढंच म्हणा, वाचतानाच चूक लक्षात येते. दुसऱ्या दिवशी पुन्हा, पुढच्या आठवड्यात पुन्हा. दर खेपेला दहा मिनिटं पुरतात.

त्यासोबत त्या अंकांचा अर्थही सांगा. मेल्विल ड्युईने १८७६ साली ही पद्धत प्रसिद्ध केली तेव्हापासून तिचा गाभा हाच आहे : विषयाचे दहा भाग, प्रत्येकाचे पुन्हा दहा. ७९६ म्हणजे खेळ, त्यातले ७९६.३ म्हणजे चेंडूचे खेळ, आणि त्यातच फुटबॉल आणि क्रिकेट. परिचराला ही उतरंड एकदा कळली की तो रॅक आकड्यांनी न लावता विषयाने लावायला लागतो. फुटबॉलच्या ओळीत शिवणकामाचं पुस्तक दिसलं तर लेबल न वाचताच त्याचा हात तिकडे जातो. परिचरांना एवढं खोलात सांगून काय उपयोग, असं म्हणणारे ग्रंथपाल मला भेटलेत. त्यांच्या रॅकांची अवस्था बघण्यासारखी असते.

पुस्तक हाताळण्याच्या बाबतीत दोनच गोष्टी घट्ट बसवा. एक, कण्याच्या वरच्या कडेला बोट अडकवून पुस्तक ओढायचं नाही. शेजारची दोन पुस्तकं जरा आत ढकलायची आणि हवं ते मधोमध धरून काढायचं. कण्याची वरची कडा फाटलेली पुस्तकं रॅकभर दिसत असतील तर दोष बांधणीवाल्याला देण्याआधी काढण्याची पद्धत बघा. दुसरी, फाटलेल्या पानाला पारदर्शक चिकटपट्टी लावायची नाही. ती पिवळी पडते, तिचा गोंद कागदात उतरतो आणि काही वर्षांनी पट्टी निघून येते पण डाग राहतो. पातळ आम्लरहित कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ, एवढ्यावर साधी फाट सांधता येते आणि हे काम हाताने शिकायला फार वेळ लागत नाही. बाद केलेली पुस्तकं सरावाला आहेतच.

त्याच बाद पुस्तकांवर आणखी एक धडा घ्या, लोकांना तो फार आवडतो. तीन पुस्तकं बादलीत बुडवा, एक साध्या कागदाचं, एक गुळगुळीत आर्ट पेपरचं, एक जाड बांधणीचं. बाहेर काढा आणि सगळ्यांनी मिळून वाळवा. साध्या कागदाचं पुस्तक पानांमध्ये शोषणारा कागद घालत, पंख्याखाली उभं ठेवून बऱ्यापैकी वाचतं. आर्ट पेपरची पानं वाळताना एकमेकांना चिकटतात आणि मग सोडवता येत नाहीत. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की छत गळलं तर आधी काय उचलायचं ते पुन्हा सांगावं लागत नाही. भिजलेल्या पुस्तकांना साधारण दोन-तीन दिवसांत बुरशी धरू लागते, त्यामुळे पुस्तकं फार असतील तर ती गोठवून वेळ मिळवतात आणि मग सवडीने वाळवतात. ४ नोव्हेंबर १९६६ ला आर्नो नदीचा पूर इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात शिरला, तेव्हा चिखलातली पुस्तकं हातोहात बाहेर काढणारे बरेचसे तरुण स्वयंसेवक होते. भिजलेल्या ग्रंथांवर उपचार करण्याच्या आजच्या बऱ्याच पद्धतींना त्या पुरानंतरच्या कामातून चालना मिळाली. तुमच्याकडे पाणी शिरलं तर पहिल्यांदा कुणाच्या लक्षात येईल? सकाळी कुलूप उघडणाऱ्या परिचराच्या. वीज कुठून बंद करायची आणि फोन कुणाला करायचा हे त्याला पाठ हवं.

आता संदर्भाचे प्रश्न. ‘ते तर ग्रंथपालाचं काम’ असं तुम्ही म्हणाल. बरोबर. पण वाचक तुमच्या केबिनपर्यंत येत नाही. तो जवळ दिसेल त्याला विचारतो आणि जवळ असतो तो ट्रॉली घेऊन फिरणारा परिचर. अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट टेलर यांनी १९६८ साली मांडलेली गोष्ट ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकवतात, पण ती खरी लागू पडते ती इथे : माणसाला जे हवं असतं आणि तो जे तोंडाने विचारतो यांत अंतर असतं, कारण ग्रंथालय काय देऊ शकेल याचा अंदाज बांधून तो प्रश्न आधीच कापूनछाटून आणतो.

एक बाई परिचराला विचारतात, ‘कायद्याची पुस्तकं कुठे आहेत?’ तो म्हणतो, ‘त्या खिडकीपाशी.’ उत्तर अचूक. बाई जातात, दोन भरलेली कपाटं बघतात, एक जाडजूड ग्रंथ उघडून मिटतात आणि निघून जातात. आता हाच प्रसंग दुसऱ्या तऱ्हेने :

‘कायद्याची पुस्तकं कुठे आहेत?’

‘आहेत ना, बरीच आहेत. त्यातलं नेमकं काय बघताय?’

‘भाड्याच्या घराचं काही आहे का? मालक घर सोडा म्हणतोय.’

‘असं. मग यासाठी आपण मॅडमना विचारू. चला, मी येतो बरोबर.’

फरक एका प्रश्नाचा आहे. ‘नेमकं काय बघताय?’ आणि ‘कशासाठी हवंय?’ यांतलं अंतर मात्र नीट समजावून सांगा. ‘कशासाठी’ म्हटलं की चौकशी झाल्यासारखं वाटतं आणि वाचक आखडतो. ब्रेंडा डर्विन आणि पॅट्रिशिया ड्यूडनी या संशोधकांनी १९८६ साली तटस्थ प्रश्नांची जी पद्धत मांडली तिचं सार हेच : कारण विचारू नका, माणूस कुठे अडलाय आणि मिळालेल्याचं तो काय करणार आहे ते त्याच्याकडून येऊ द्या. आणि ‘तिकडे जा’ ऐवजी ‘मी येतो बरोबर’. वाचकाला सोपवताना तो प्रश्नही सोपवायचा, म्हणजे बाईंना सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागत नाही. परिचराने किंवा लिपिकाने कायद्याचा किंवा औषधाचा सल्ला द्यायचा नाही, ही रेघ ठळक आखून द्या. पुस्तक दाखवायचं, त्यात काय लिहिलंय याचा अर्थ लावून द्यायचा नाही.

शेवटी आणखी एक वाक्य : ‘हवं होतं ते मिळालं का?’ अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात १९८० च्या दशकात सार्वजनिक ग्रंथालयांत ओळख न देता प्रश्न विचारून पाहणी केली होती. पूर्ण बरोबर उत्तर मिळण्याचं प्रमाण निघालं सुमारे ५५ टक्के. ग्रंथसंग्रह किती मोठा यापेक्षा कर्मचारी वाचकाशी कसा वागतो, यावर उत्तर बरोबर येणं अधिक अवलंबून असल्याचं दिसलं, आणि सगळ्यात जास्त फरक पाडणाऱ्या गोष्टींमध्ये होता हा शेवटचा प्रश्न. त्यांनी मग या वागण्याचंच प्रशिक्षण दिलं आणि निकाल सुधारले. तुमच्या कामाचा भाग पुढे आहे. सहकारी एकमेकांचं काम बघून नंतरही सांगत राहतील, अशी व्यवस्था त्यांनी प्रशिक्षणातच बसवली होती. नुसतं शिकवून सोडलं नव्हतं.

हे सगळं सांगून येत नाही, करून येतं. म्हणून प्रसंग उभे करा, पण कर्मचाऱ्याला वाचक करून तुम्ही ‘आदर्श ग्रंथपाल’ होऊन दाखवू नका. उलट करा. चिडलेला वाचक तुम्ही व्हा, आवाज चढवा, ‘मला तुमच्या वरिष्ठांना भेटायचंय’ म्हणा. पहिल्यांदा सगळे हसतात, मग रंगतात. साहेबांना शांतपणे ‘नाही’ म्हणायची संधी रोज मिळत नाही.

वाचकाची गोपनीयता याच प्रसंगांत बसवा, वेगळं व्याख्यान नको. वडील येऊन विचारतात, ‘माझ्या मुलीने कुठली पुस्तकं नेलीत जरा बघून सांगा.’ चांगला माणूस चांगुलपणाने स्क्रीन वळवून दाखवतो. तेव्हा म्हणायचं वाक्य तयार हवं : ‘ज्यांच्या नावावर पुस्तक आहे त्यांनाच आम्ही सांगतो, सगळ्यांना हाच नियम आहे.’ आणि हे वाक्य म्हटल्यावर तक्रार आलीच तर तुम्ही त्याच्या बाजूने उभे राहाल, हे त्याला आधीच माहीत हवं. तसं होणार नसेल तर शिकवूच नका.

काउंटरच्या संगणकाबद्दल थोडक्यात. खऱ्या नोंदींवर सराव करायला कुणीही धजावत नाही आणि ते योग्यच आहे. कोहा मुक्त प्रणाली आहे, न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी ती बनली आणि २००० पासून वापरात आहे. तिची दुसरी प्रत वेगळ्या संगणकावर उभारायला परवाना-शुल्क लागत नाही. खोटे सभासद, खोटी पुस्तकं टाकून तिथे हवं ते मोडू द्या. शिकवताना एका सवयीवर भर द्या : स्कॅनरचा आवाज आला म्हणजे परतीची नोंद झाली असं नव्हे, स्क्रीनकडे बघायचं. ‘पुस्तक परत केलं होतं’ या भांडणांतली बरीचशी इथे जन्मतात, गर्दीत पुस्तक गठ्ठ्यावर जातं आणि नोंद होत नाही. अशी तक्रार आली की सभासदाशी वाद घालण्याआधी रॅकवर जाऊन बघायचं, हा नियम लेखी करा.

नोंदी करणाऱ्या बाईंचं काम सगळ्यात एकाकी असतं आणि त्यांच्या चुका सगळ्यात उशिरा सापडतात. बाहेरच्या ग्रंथालयाची तयार नोंद उतरवून घेताना ती त्याच आवृत्तीची आहे ना, हे बघायला शिकवा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, जुळवा, १ जानेवारी २००७ पासून तो तेरा अंकी आहे, त्याआधीच्या पुस्तकांवर दहा अंकी सापडेल. प्रकाशनवर्ष आणि पृष्ठसंख्या पुस्तकाशी ताडून पाहायची. लेखकाचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलं गेलं तर वाचकाला त्याची एक तृतीयांशच पुस्तकं दिसणार, हे त्यांना ओपॅकवर स्वतः शोधून बघू द्या. आठवड्यातला एक तास त्यांना काउंटरवर बसवा. वाचक कसा शोधतो ते बघितल्यावर नोंदी करायची तऱ्हा बदलते.

नियतकालिकांचं फारसं काही शिकवायला नको. आला नाही तो अंक किती दिवसांत मागायचा आणि कुणाला लिहायचं, याचं एक वेळापत्रक भिंतीवर लावा.

किती वेळ? आठवड्यातून अर्धा तास, ग्रंथालय उघडायच्या आधी किंवा दुपारच्या निवांत वेळी, पण कामाच्या वेळेतच. ‘सुटल्यावर थांबा’ म्हटलंत तर पहिल्याच महिन्यात गळती लागेल, आणि लागायलाच हवी. काउंटर सोडता येत नसेल तर तोच अर्धा तास दोनदा घ्या, तिघं-तिघं. सलग दोन दिवस देण्यापेक्षा हे बरं का, याचं उत्तर जुनं आहे. हेरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं पहिल्या काही तासांत आणि पहिल्या दिवसातच झपाट्याने विसरायला होतं, आणि अंतर ठेवून उजळणी केली तर टिकतं. तुमच्या कार्यशाळेचं बरंचसं घरी जाताना रस्त्यातच गळालं असणार.

शिकवायला बाहेरून कुणी आणायची गरज वर्षातून एखाद्या वेळी. बाकी शिक्षक तुमच्याकडेच आहेत. प्रत्येक ग्रंथालयात एक जुना परिचर असतो, वाचक त्याला काका म्हणतात, आणि मुखपृष्ठाच्या रंगावरून तो पुस्तक काढून देतो. त्याला फळ्यापाशी उभं करू नका, तो गप्प होईल. नव्या माणसाला त्याच्या ट्रॉलीबरोबर फिरू द्या. कुठल्या कपाटाला ओल येते, कुठला वाचक कुठलं पुस्तक दुसऱ्या कपाटात लपवून ठेवतो, कुठल्या ग्रंथमालेचे खंड वेगवेगळ्या वर्गांकाखाली गेलेत, हे कुठेच लिहिलेलं नसतं. ते सांगितल्यावर आपली किंमत कमी होईल अशी भीती काही जुन्या लोकांना असते, आणि ती अगदीच खोटी नाही. म्हणून त्यांनी सांगितलेलं जिथे लिहाल तिथे त्यांचं नाव घाला आणि कामवाटपाच्या कागदावर ‘नवीन कर्मचाऱ्यांना शिकवणे’ हे त्यांचं काम म्हणून नोंदवा.

बाहेरून घेण्यासारख्या गोष्टींपैकी दोन सांगतो. ओसीएलसी या ग्रंथालयांच्या सहकारी संस्थेचं वेबजंक्शन हे संकेतस्थळ २००३ पासून आहे आणि ग्रंथालय कर्मचाऱ्यांसाठीचे बरेच पाठ तिथे विनामूल्य बघता येतात. ते इंग्रजीत आहेत, त्यामुळे एकट्याने बघायला देऊ नका, एकत्र बसून थांबवत थांबवत बघा आणि ‘आपल्याकडे हे कसं होतं?’ एवढंच विचारा. दुसरी, अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या सहयोगी संस्थेने २०१० मध्ये सुरू केलेला सहायक कर्मचाऱ्यांचा प्रमाणपत्र कार्यक्रम. त्यात क्षमतांचे दहा संच आहेत. ग्रंथालयसेवेचा पाया, संवाद व सहकार्य आणि तंत्रज्ञान हे तीन सक्तीचे, आणि उरलेल्यांतून आवडीचे तीन. ते प्रमाणपत्र तुमच्या लोकांनी घ्यावं असं मी म्हणत नाही. पण सगळ्यांना थोडं सामाईक आणि मग ज्याच्या त्याच्या कामाप्रमाणे, ही रचना उचलण्यासारखी आहे.

उपयोग झाला की नाही ते कसं कळणार? ‘कार्यशाळा आवडली का’ या अर्जावरून तर नाहीच. प्रशिक्षणाचे अमेरिकन अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली प्रशिक्षण तपासायच्या चार पायऱ्या मांडल्या : आवडलं का, समजलं का, वागण्यात उतरलं का, कामावर परिणाम झाला का. आपण बहुतेक पहिल्या पायरीवर फोटो काढून थांबतो. तुम्ही चौथ्या पायरीवरून सुरुवात करा. शिकवायच्या आधी दोन-तीन वेगवेगळ्या विभागांतल्या रॅकवर सलग शंभर-शंभर पुस्तकं तपासा, जागा चुकलेली मोजा आणि आकडा लिहून ठेवा. ‘ओपॅकवर आहे पण सापडत नाही’ अशा तक्रारी महिन्याला किती, तेही मोजा. अडचणींची वही आहेच. तीन महिन्यांनी तेच रॅक, तेच मोजमाप. वरून विचारणा झाली की हजेरीपटापेक्षा हे दोन आकडे पाठवा.

पगाराचा विषय तुम्ही काढला नाहीत, पण कर्मचारी काढतील. जास्त शिकायचं, जास्त जबाबदारी घ्यायची आणि हातात तेवढेच पैसे, हे फार काळ चालत नाही. पगार तुमच्या हातात नसेल तर तसं स्पष्ट बोला आणि जे हातात आहे ते द्या : पुस्तक निवडीच्या बैठकीत जागा, कामवाटपात बदललेलं पदनाम, सेवापुस्तिकेत जाणारं पत्र, परीक्षेसाठी रजा. ‘ज्ञान हेच बक्षीस’ वगैरे म्हणू नका.

आणि सोडून जाणाऱ्या माणसाबद्दल. तो जाणारच, शिकवलंत तरी आणि नाही शिकवलंत तरी. म्हणून ज्याला जे शिकवाल त्याचं एक पान त्याच्याकडूनच लिहून घ्या, त्याच्या भाषेत, पायरीपायरीने, गरज पडली तर स्क्रीनचं चित्र चिकटवून. मग ते पान ज्याला ते काम येत नाही त्याच्या हातात द्या आणि एक शब्दही न बोलता बघत बसा. जिथे तो अडेल तिथे पेन्सिलने खूण करा आणि लिहिणाऱ्याला ते पान परत द्या. दोन-तीन फेऱ्यांत पान कामाचं होतं. सगळी पानं एका फाइलमध्ये, काउंटरखाली, कुलपाबाहेर. पहिलं पान वीज किंवा नेट गेल्यावर देवघेव कशी चालू ठेवायची याचं असू द्या, ते तुमच्या गैरहजेरीत सगळ्यात आधी लागतं.